बाहेरचा बाक

लोणचं का नासतं, असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेते. पुरुष विचारत असेल तर त्याला खरंच लोणच्याची काळजी असते. बाई विचारत असेल तर तिला मीठ-तेलाचं उत्तर नको असतं, तिला कुणाचं तरी नाव हवं असतं. "कुणाचा तरी हात लागला असेल हो आक्का," असं म्हणून ती मानेनेच आत खूण करते, आणि मी ओळखते की घरात सून नवीन आहे.

श्रीरामपुरात मी लोणच्या-पापडांचा धंदा केला. लोक कारखाना म्हणायचे, आपणही म्हणू. पुढे पत्र्याची पडवी, मध्ये लांबलचक खोली, मागे चुली, आणि एक अंधारी कोठी, असा तो कारखाना. आता सून बघते सगळं. तिने पांढऱ्या फरशा बसवल्या, बायकांच्या डोक्यावर टोप्या घातल्या, मोबाईलवर ऑर्डरी घेते. मी दुपारी जाते, चव बघते, मीठ कमी आहे म्हणते आणि गोड बोलून हाकलली जाते. मला शुगर आहे, बीपी आहे, डॉक्टरांनी मिठाला हात लावू नका म्हणून सांगितलंय. लिहायला मीठ लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले. शाळा माझी सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण मोहरीच्या पुड्या सोडून त्यांचे कागद वाचण्यात झालं, त्यामुळे माझ्या ज्ञानाला बऱ्याचदा शेवट नसतो. कागद तिथे फाटलेला असायचा.

लोणच्याचं म्हणाल तर त्यात गुपित काही नाही. कैरी कडक हवी. फोडी करून पुसून कोरड्या करायच्या. मीठ सढळ, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट. तेल कडकडीत तापवून पूर्ण थंड करून ओतायचं, फोडी त्यात बुडल्या पाहिजेत. बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधायचं, त्याला दादरा म्हणतात. पाण्याचा थेंब लागला की संपलं. एवढंच शास्त्र. पण हे शास्त्र गिऱ्हाइकाला पुरत नाही. नगरहून एक काकू दरवर्षी लोणचं न्यायच्या. पिढ्यान् पिढ्या पूजा सांगणारं घर. दरवर्षी विचारायच्या, "सगळं सोवळ्यातलं ना गं? अडचणीच्या बायका शिवत नाहीत ना?" मी म्हणायचे, "काकू, अगदी निर्धास्त राहा." मग ती बरणी आमचा टेम्पोवाला तंबाखू मळलेल्या हाताने उचलून त्यांच्या गाडीत ठेवायचा. त्याच्याबद्दल काकूंनी कधी विचारलं नाही.

तर या काकूंसाठी आणि काकूंसारख्या सगळ्यांसाठी मी बाक केला होता. पडवीत, रस्त्याच्या बाजूला, लांब लाकडी बाक. ज्या बाईला पाळी आली ती चार दिवस आत यायची नाही, लोणच्या-पापडाला शिवायची नाही. बाहेर बाकावर बसून लेबलं चिकटवायची, खोकी बांधायची. पगार कापायचा नाही, हा माझा नियम. त्या काळात मला वाटायचं, काय मी सुधारलेली! दुसरीकडे घरी पाठवतात, मी बाकावर बसवते.

आता झालं काय, की आत चुलीची धग, मिरचीचा ठसका, दिवसभर लाट्या बडवायच्या. आणि बाहेर वारा. समोर रस्ता. कोण कुणाच्या मोटरसायकलवर बसलं ते दिसतं. मोबाईलवर गाणी. लेबलं चिकटवायची म्हणजे काय कष्ट? हळूहळू माझ्या कारखान्यातल्या बायकांना महिन्यातून दोनदा पाळी यायला लागली. एकीला तर पापडाची मोठी ऑर्डर आली की हटकून यायची. आमच्यात मार्था म्हणून होती, ख्रिस्ती, चर्चच्या मागच्या गल्लीतली. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मार्था, तुमच्यात हे नसेल, तू आतच काम कर." तर म्हणते, "नाही आक्का, तुमच्या धर्माचा मान ठेवला पाहिजे." आणि जी बाकावर जाऊन बसली ती सगळ्यात वाऱ्याच्या कोपऱ्यात.

अशा त्या बाकावर एक पोरगी कधी बसली नाही. ती अश्विनी.

अश्विनी जवळच्या खेड्यातून एस.टी.ने यायची. वय विशीच्या पुढे, गोल चेहरा, गोल अंग, गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली, भर उन्हाळ्यातसुद्धा. पाकाची राणी होती ती. गुळांबा, साखरांबा, मुरांबा म्हणजे सगळा खेळ पाकाचा. पाक जरा पुढे गेला की खडे होतात, मागे राहिला की आंबतो. अश्विनी चमचा उचलायची, बोटावर थेंब घ्यायची, तार बघायची, मग जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "आक्का, उतरवा." मी डोळे झाकून उतरवायचे. दिवसभरात किती वेळा तो थेंब जिभेवर जायचा, देव जाणे.

आणि हजेरी कशी? खाडा नाही, बाक नाही. मी सगळ्यांसमोर तिचं उदाहरण द्यायचे. "बघा जरा अश्विनीकडे. हिला नाही का पाळी येत? पण कधी तोंडातून ब्र काढत नाही. घरी सुट्टीच्या दिवसात उरकत असेल बिचारी." आता तुम्ही म्हणाल, बाई, पाळी काय कपडे धुण्यासारखी सुट्टीच्या दिवशी उरकते का? पण मालकिणीला काम हवं असतं तेव्हा तिला कशावरही विश्वास बसतो. एका दिवाळीला मी तिला सगळ्यांपेक्षा चांगली साडी दिली. बाकावरच्या बायकांनी तोंडं वाकडी केली, ती मी कामचुकारांची असूया म्हणून सोडून दिली.

आणि एका दिवशी कुसुमने कोठीतली बरणी उघडली.

कुसुम म्हणजे माझी मसाल्याची मुकादम. तिखट तिच्या हातात आणि तिच्या जिभेवर. तिने दादरा सोडला आणि अशी किंचाळली की मला वाटलं उंदीर निघाला. बरणीवर पांढरी बुरशी, बोटभर जाड, गोधडीसारखी. मोठी बरणी होती, नगरच्या काकूंची ऑर्डर त्यातूनच जायची होती. सगळ्या बायका गोळा झाल्या. कुसुमने कमरेवर हात ठेवले आणि सरळ अश्विनीकडे वळली.

"दोन दिवाळ्या झाल्या, हिला मी बाकावर बघितली न्हाई. एकडाव न्हाई. बाई हाय का देवी हाय ही? साडीसाठी लपवती, आन् तसल्या हातानं बरण्या भरती! मी म्हनतच हुते."

"कुसुम, तोंड आवर," मी म्हटलं.

"का आवरू? माल नासला तर नाव माजं जातं, मसाला माजा असतो. इच्यारा तिला. इच्यारा की!"

अश्विनी चुलीपाशी उभी होती, हातात पाकाचा चमचा. सगळ्या तिच्याकडे बघतायत. मग हळूच म्हणाली, "व्हय. मीच शिवले."

"बघा!" कुसुम म्हणाली.

"कधी शिवलीस?" मी विचारलं.

"भरताना."

मला आधी राग आला, आणि रागाच्या मागोमाग हसू. कारण ती बरणी भरली तेव्हा अश्विनी होती राजूरला, मामाच्या पोरीच्या लग्नात. चार दिवसांची तिची ती एकमेव रजा, ती मागताना माझ्या पाया पडली होती. हळदीत नाचल्याचा व्हिडिओ तिने मलाच दाखवला होता. आणि त्या दिवसापासून बरणी कोठीत कुलपात, किल्ली माझ्या कमरेला.

"अश्वे," मी म्हटलं, "राजूरहून हात लांब करून भरलीस का गं?"

बायका हसल्या. अश्विनी हसली नाही. ती रडायला लागली, आणि ते रडणं पकडली गेल्याचं नव्हतं, एवढं मला कळलं. मी तिला कोठीत घेऊन गेले, दार लोटलं, गुळाच्या ढेपीवर बसवलं. म्हटलं, न केलेला गुन्हा कबूल करतेस म्हणजे त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी लपवतेस. बोल.

ओढणीचं टोक चावत ती म्हणाली, "आक्का, मला येतच न्हाई."

"काय येत नाही?"

"तेच. वर्षातनं एकडाव आली तर आली. न्हाई तर तीबी न्हाई."

जिला मी हजेरीसाठी साडी दिली, तिच्या हजेरीचं हे कारण! तिच्या आईने तिला शपथ घातली होती. मिरजगावचं एक स्थळ चालून आलेलं. पाळी येत नाही हे बाहेर गेलं तर पोरीला वांझ म्हणतील, स्थळ मोडेल, आणि मागून दुसरं येणार नाही. "लग्न हुईस्तवर तोंडातनं काढू नगं, लगीन झालं की समदं आपोआप येतं," असं आईचं म्हणणं. म्हणून कुसुमने बोट दाखवल्यावर या पोरीने एका क्षणात ठरवलं, की लोणचं नासवणारी म्हटलं तरी चालेल, नोकरी गेली तरी चालेल, पण हे नको.

मग तिने ओढणी सोडली. मानेभोवती काळी रेघ, जाडसर, मखमलीसारखी. "घासून घासून सालटं निघतं, पन जात न्हाई," म्हणाली. बेसन झालं, लिंबू झालं, आईने एकदा भांड्याची घासणीसुद्धा लावली होती. हनुवटीवर बारीक खुंट, रोज एस.टी.त बसायच्या आधी दोऱ्याने ओढायची. वजन वाढत चाललेलं, तर त्यावर उपाय म्हणून सोमवार, गुरुवार, संकष्टी, असे उपास. चांगला नवरा मिळावा हाही त्याच उपासात बसवलेला.

हनुवटीचे ते खुंट बघून माझा हात आपोआप माझ्या हनुवटीकडे गेला. मलाही होते हो. सासूबाई मला पाहुण्यांदेखत "आमची मिशाळ" म्हणायच्या. माझीही पाळी मनाला येईल तेव्हा यायची, आणि मुलगा झाला तो लग्नानंतर इतक्या उशिरा की सासऱ्यांनी तोवर दुसरी सून बघायला सुरुवात केली होती. मला वाटायचं, प्रत्येक बाईचं अंग वेगळं, माझं हे असं. पुढे शुगर लागली तेव्हाही मला वाटलं, ते मुरांब्याचं फळ. या दोन गोष्टींचं एकमेकींशी काही नातं असेल, हे पुडीच्या एकाही कागदावर मला भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन बाई डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीण तरुण, बोलायला फटकळ, म्हणजे माझ्याच जातीची. तपासलं, रक्त काढलं, सोनोग्राफी झाली. मग तिने सांगितलं, की याला पीसीओएस म्हणतात, पुष्कळ मुलींना असतं, आणि ही फक्त पाळीची गोष्ट नाही. सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक बारीक फुगे दिसतात, त्याला लोक गाठी म्हणून घाबरतात, पण त्या कापायच्या गाठी नव्हेत. ती न पिकलेली बीजं असतात. वाढायला लागतात आणि मध्येच थांबतात. मूळ दुखणं बऱ्याच जणींत इन्सुलिनचं असतं.

"इन्सुलिन तर मला माहीत आहे," मी म्हटलं, "आमच्या जाऊबाई टोचून घेतात."

डॉक्टरीण समजावत होती, आणि मला ते माझ्या पद्धतीने कळत होतं, ते असं. आपण खाल्लं की रक्तात साखर येते. ती साखर म्हणजे माल. इन्सुलिन म्हणजे टेम्पोवाला. माल दुकानादुकानात पोचवणं हे त्याचं काम. अश्विनीच्या अंगातले दुकानदार शटर उघडेनात. टेम्पोवाला हॉर्न वाजवतो. उघडत नाहीत. मग अंग आणखी टेम्पो पाठवतं. रस्ताभर टेम्पो, नुसता कलकलाट. माल कसाबसा आत जातो, पण त्या कलकलाटाने शेजारच्या अंडाशयाचं डोकं फिरतं, आणि पुरुषाच्या अंगात जे रस जास्त असतात ते रस अंडाशय ज्यादा बनवायला लागतं. म्हणून हनुवटीवर केस, डोक्यावरचे विरळ, बीज पिकत नाही, पाळी येत नाही. मानेचा काळा पट्टा म्हणजे त्याच टेम्पोंचा धूर. आणि एवढे टेम्पो पाठवून पाठवून अंग दमलं की माल रस्त्यावरच पडून राहतो, त्याला म्हणायचं शुगर.

डॉक्टरीण हसली. म्हणाली, "आक्का, हे मी पुढच्या पेशंटला सांगू का?" मी म्हटलं, "सांगा, फक्त टेम्पोवाल्यांना कळू देऊ नका."

मग तिचं हसू गेलं. अश्विनीची साखर उंबऱ्यावर आली होती. आत आली नव्हती, पण चप्पल काढत होती. "या वयात इथे आहे," डॉक्टरीण म्हणाली, "तर आत्ताच लक्ष घातलं पाहिजे. आणि पाळी महिनोन् महिने न येणं म्हणजे सुटका नव्हे. आतलं अस्तर साचत राहतं, ते पुढे धोक्याचं. लग्न करून हे बरं होत नाही. मूल होणार नाही असंही नाही. पण लपवून काहीच होणार नाही."

अश्विनीने एकच विचारलं. "येईल का मला?"

"येईल. तू रस्ता मोकळा केलास तर."

मग खाण्याची चौकशी झाली. अश्विनीने अभिमानाने उपास सांगितले. उपासाला काय खातेस? तर सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चार वाजता साबुदाणा वडा, रात्री भगर आणि वर राजगिऱ्याचा लाडू. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "अगं, हा उपास आहे का? एवढा पिष्टाचा मारा जेवणाच्या दिवशीही होत नाही." आणि कामाचं विचारल्यावर पाकाचा थेंब बाहेर आला, मग माझ्याकडे जी नजर टाकली तिने, मी पदर डोक्यावर घेतला.

सांगितलं ते साधं होतं. रोज चालायचं, नेमाने, घाम येईपर्यंत. चहातली साखर बंद, पाक चाखणं बंद, भात-साबुदाणा आटोक्यात, डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडं, भाजी वाढवायची. झोप पुरी. सुरुवातीला पाळी आणायची एक गोळी थोड्या दिवसांची, आणि दुसरी रोजची. दुसरीचं पाकीट मी बघितलं आणि ओळखलं. माझीच शुगरची गोळी. विशीतली पोर आणि साठी ओलांडलेली मी, एकाच पाकिटावर.

कारखान्यात येऊन मी आधी त्या बरणीचा निकाल लावला. दादरा हातात घेतला तर कडेला ओलीचा डाग, पिवळा, वाळलेला. पावसाळी हवेत फडकी नीट वाळली नव्हती, आणि बांधणारीने तशीच बांधली होती. बांधणारी कोण? दादरे बांधायचं काम एकाच बाईकडे, गाठ कुणाची ते सगळ्यांना ठाऊक. कुसुमने गाठ बघितली, स्वतःचीच, आणि फडकं पदराखाली घेऊन मागे चुलीकडे वळली. मार्था म्हणाली, "कुसुमताई, फडक्याला पाळी आली होती का बघा." तीन दिवस त्या दोघी बोलत नव्हत्या.

माझं दुकान गोड चाखण्यावर आणि बसण्यावर चालायचं, अश्विनीला दोन्ही बंद. पाकावरून काढली तर माझा गुळांबा बुडतो. ठेवली तर पोरगी बुडते. मी रात्रभर बडबडत होते, नवरा म्हणाला झोप आता. सकाळी तिच्या खांद्यावर पिशवी दिली. घरोघरी माल पोचवायचा, चालत. स्टेशनकडचा भाग, मार्केटमागच्या गल्ल्या, चर्चच्या मागची वस्ती, जिथे टेम्पो वळत नाही तिथलं सगळं तुझं. पहिल्या आठवड्यात ती येऊन पायरीवर मटकन बसायची. "आक्का, ह्याच्यापरीस कुसुममावशीच्या शिव्या बऱ्या." गुळांब्याचं काय झालं विचारू नका. त्या वर्षीचा गुळांबा फोडून खायला लागायचा.

आणि मग तिची आई आली. दारातूनच आवाज.

"तुमी माज्या पोरीला दवाखान्यात नेली? लग्नाच्या पोरीला? त्या दवाखान्याम्होरं आमच्या गावची एस.टी. थांबती! समद्या गावानं बघितलं आसंल!"

"सांगा ना गावाला, आक्काचे गुडघे दाखवायला गेली होती," मी म्हटलं. "बसा आधी."

ती बाकावर बसली. पायात चप्पल, आणि एका पायाला फडकं बांधलेलं. विचारलं तर म्हणाली, काटा लागला होता, भरतच नाही जखम, शुगर आहे ना. मग डॉक्टरणीने अश्विनीच्या साखरेचं काय सांगितलं ते मी तिला सांगितलं. ती आपल्या पायाकडे बघत राहिली, मग पिशवी घेऊन निघालेल्या अश्विनीकडे बघत राहिली.

"ह्याच्यामुळं तिला माज्यावानी हुईल म्हन्ता?"

"वेळेवर बघितलं नाही तर होईल म्हणतात. बघितलं तर टळू शकतं म्हणतात."

"आन् स्थळ?"

"स्थळाचं मला कळत नाही. लोणच्याचं कळतं. झाकून ठेवलेला ओलावा जात नाही, एवढं कळतं."

आई उठली. जाताना अश्विनीला म्हणाली, "चप्पल बरी घे जरा. ह्या चपलेनं पाय दुकतील." एवढंच. शपथ सुटली ती अशी.

ते मिरजगावचं स्थळ पुढे मोडलंच. पण अश्विनीमुळे नाही. मुलाला पुण्यात कायम नोकरी आहे म्हणून सांगितलं होतं. चौकशी केली तर नोकरी नव्हतीच, मुलगा पुण्यात मित्राच्या खोलीवर झोपत होता. लपवायला त्यांच्याकडेही होतं की! अश्विनीच्या आईने तीन दिवस मिरजगावचा उद्धार केला आणि मग पोरीच्या उसळीला मोड आणायला बसली.

शपथ सुटल्यावर अश्विनीने कारखान्यातल्या बायकांना सगळं सांगून टाकलं होतं. गोळीने पहिल्यांदा पाळी आली ती घरी, सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तिने येऊन सांगितलं तर कुसुमने निवाडा दिला, "गोळीची धरायची न्हाई. आपल्या पायानं आली पायजे." बोट दाखवणारी तीच आता सगळ्यात जास्त चौकशी करायची. सकाळी आल्या आल्या, "काय गं?" आणि अश्विनी मान हलवायची, न्हाई. मार्था म्हणायची, "मी चर्चमध्ये सांगितलंय तुझं." "काय सांगितलंस?" मी विचारायचे. "नाव नाही सांगितलं. म्हटलं, एक पोरगी आहे, तिचं अडलंय." महिने गेले. तिची ओढणी सैल झाली, गालाचा गोलवा उतरला, पण वजनाचा काटा डॉक्टरणीला हवा होता तितका हलला नाही. मानेचा पट्टा जरासा फिका झाला, पुरता गेला नाही. मध्येच एकदा लग्नाच्या घरी जाऊन जिलेबीच्या ताटासमोर बसली आणि नंतर मला येऊन रडून सांगितलं. मी म्हटलं, मला कशाला सांगतेस, मी काल साखरांबा खाल्लाय. एक दिवस तिने मला सरळ विचारलं, "आक्का, आलीच न्हाई तर?" मी तिच्या पिशवीत आणखी दोन बरण्या ठेवल्या.

आणि एका सकाळी मी चहा गाळत होते. बाहेर कालवा झाला. गेले तर अश्विनी पडवीत उभी, पोटावर हात, कपाळावर आठ्या, ओठ दाबलेले. आणि तरी तिच्या तोंडावर होतं तसं हसू मी लग्नाच्या मांडवात नवरीच्या तोंडावरही बघितलं नाही.

"आक्का," ती म्हणाली, "मी आज आत येत न्हाई."

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग मार्थाने टाळी वाजवली. बाकावर तीन बायका बसल्या होत्या, त्यातल्या खऱ्या किती मी विचारलं नाही. आतून कुसुम आली, मसाल्याच्या हाताने. तिने बाकावरच्यांना दटावलं, "सरका गं, सरका. वाऱ्याचा कोपरा द्या तिला." मार्था स्वतःहून उठली, यावरून प्रसंगाची किंमत कळावी. अश्विनी बसली. दोन दिवाळ्या आणि वर काही महिने ज्या बाकाकडे ती चुलीपासून चोरून बघत आली होती, त्यावर अगदी टेकून बसली. मी पेढे आणायला निघाले आणि दारातून परत फिरले. घरातले भाजलेले शेंगदाणे वाटले.

कुसुम म्हणाली, "आता चार दिस बसायचं हं. लेबलं लाव. उठायचं न्हाई."

अश्विनीने दोन-चार लेबलं लावली. रस्त्याकडे बघितलं. मग पिशवीकडे. मग उठली.

"कुठं निघालीस?"

"डॉक्टरीणबाईनी चालायला सांगितलंय मावशी. खंड पाडू नगं म्हनल्यात."

"अगं पन... लोणचं हाय त्यात. शिवशील..."

कुसुम बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघितलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नियम माझा होता. मी म्हटलं, "चार बरण्या आहेत. जड होतील. एक मला दे, मला घरी हवीच आहे." तिने पिशवीतली एक बरणी काढून माझ्या हातात दिली, उरलेल्या खांद्याला लावल्या आणि पोटावर एक हात ठेवून, जरा वाकून, पण भराभर स्टेशनच्या दिशेने चालायला लागली.

बाक अजून आहे. सुनेने त्याला रंग दिलाय. आता त्यावर ज्याला दमल्यासारखं वाटेल तो बसतो, टेम्पोवालासुद्धा. नगरच्या काकूंनी विचारलं की मी अजून म्हणते, निर्धास्त राहा.

अश्विनीच्या त्या दिवशीच्या हातची बरणी मी फळीवर ठेवून दिली होती, मुद्दाम, दादरा कोरडा बांधून. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. परवा उघडली. बुरशी नाही, वास नाही, फोड कडक. सुनेला न सांगता भाकरीबरोबर एक खाल्ली. मीठ जरा जास्त आहे. पण लोणच्याला ते लागतंच.